गावचे कबरस्तान, परदेशी गेलेले कुटुंब आणि दर वर्षी कापले जाणारे गवत

लोदकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमचे कुटुंब बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाचे, मूळचे अलिबाग तालुक्यातल्या एका लहान गावचे. आजोबा १९६२ साली गावीच वारले आणि त्यांना गावच्या कबरस्तानात ठेवले. दोन वर्षांनी आजी मुलांना घेऊन इस्रायलला आली, तेव्हा माझे वडील अकरा वर्षांचे होते. तेलाचा घाणा आधीच बंद पडला होता, घरही विकले गेले, आणि गावात आमचे म्हणावे असे उरले ते एवढे कबरस्तानच. आजी २००१ पर्यंत होती. एस.टी.च्या थांब्यावर उतरून विहीर डाव्या हाताला ठेवायची, बांधाने सरळ जायचे, दोन रायवळ आंबे लागले की फाटक, आणि आत तिसऱ्या रांगेत उजवीकडून पाचवी कबर, हा रस्ता ती परवचा म्हटल्यासारखा सांगत असे.

गेल्या डिसेंबरात मी पहिल्यांदाच गावी गेलो. त्याच दौऱ्यात नवगावलाही जाऊन आलो. फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व बुडालेल्यांना तिथेच पुरले, अशी आपल्या समाजाची परंपरा आहे; तिथे स्मारक आहे आणि लोकांचे येणेजाणेही असते. आमच्या गावच्या कबरस्तानाची मात्र तशी कुठेच ओळख नाही. जांभ्याचा गडगा दोन ठिकाणी ढासळला आहे, एका कोपऱ्यात घाणेरी माजली आहे आणि एका कबरीच्या फटीतून उंबराचे रोप हातभर वर आले आहे. आजीने सांगितलेल्या खुणेवर आजोबांची कबर सापडली. तिच्या शेजारी काळ्या दगडाची आणखी जुनी कबर आहे. वर हिब्रू, खाली मराठी अशी तिची अक्षरे इतकी झिजली आहेत की मला एका नावाच्या शेवटचे ‘बाई’ तेवढे लागले. त्या दगडाची दोन छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

सगळ्यांत नवल वाटले ते असे, की एवढ्या पडझडीतही गवत कापलेले होते. जमिनीवर नुसते सड दिसत होते. चौकशी केली तेव्हा चहाच्या टपरीवरच्या गृहस्थांनी ‘खालच्या आळीतले कोणीतरी कापतात’ एवढेच सांगितले, आणि मला त्याच संध्याकाळी मुंबई गाठायची असल्याने त्यांचा शोध घेता आला नाही.

जाणकारांकडून मला पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. गावातल्या एका गवंड्याने कबरी सिमेंटने बांधून वर फरशी बसवावी आणि अक्षरे तैलरंगाने उजळावीत असे सुचवले आहे. ते करावे का? झिजलेली अक्षरे कशी वाचता येतील? जमीन कागदोपत्री कोणाची आहे, हे कुठे पाहायचे? आणि आम्ही एवढ्या लांब राहत असताना वर्षातून एकदा तरी नेमाने काही घडावे, यासाठी काय व्यवस्था लावता येईल?

चुनागच्ची

जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून दगडापुरते लिहितो. फरशी आणि सिमेंट या दोन्हींना कृपा करून नकार द्या. जांभा सच्छिद्र असतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात तो पाणी पितो आणि उरलेल्या आठ महिन्यांत ते हळूहळू सोडून देतो. सांध्यांत सिमेंट भरले की पाण्याची ती वाट बंद होते, ओल आणि क्षार दगडातच अडकतात आणि सिमेंट धड राहून दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दुरुस्ती करायचीच असेल तर चुना, वाळू आणि विटांची सुरखी यांच्या गिलाव्याने करावी. ते काम पावसाळा संपल्यावर हाती घ्यावे आणि ओल्या गोणपाटाखाली काही दिवस झाकून ठेवावे. जो गवंडी चुना मळायलाच तयार नसेल त्याला गडग्याचे काम द्यावे, कबरीला हात लावू देऊ नये.

उंबराचे रोप उपटू नका. त्याची मुळे फटीतून कुठवर गेली आहेत हे वरून कळत नाही आणि रोपाबरोबर चिरा निघून येतो. बुंध्याशी कापून फुटवे येतील तसे खुडत राहणे हा रटाळ असला तरी खात्रीचा उपाय आहे. दगडावरचे शेवाळ आणि दगडफूल काढण्यासाठी आम्ल, तारेचा ब्रश किंवा पाण्याचा जोराचा फवारा यांपैकी काहीही वापरू नये. दगड साध्या पाण्याने तासभर भिजवावा, बांबूच्या कामटीने हलकेच खरवडावे आणि मऊ ब्रशने धुवावे. अक्षरांत रंग तर मुळीच भरू नये. रंगारी त्याला जे अक्षर दिसते ते रंगवतो आणि पुढच्या पिढीला तेच खरे वाटते.

वाचनासाठी एकच युक्ती पुरेशी आहे. अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ टेकवून धरावी, म्हणजे प्रकाश पृष्ठभागावरून आडवा सरकतो आणि अर्धा मिलिमीटर खोल राहिलेल्या रेघेचीही सावली पडते. विजेरी चारही बाजूंना फिरवून प्रत्येक वेळी एक छायाचित्र घ्यावे. खडू, पीठ किंवा कोळसा घासून अक्षरे उठवण्याची जुनी खोड दगडाला बाधते.

आगरवाडीकर

मी तुमच्याच तालुक्यातला, पण दुसऱ्या गावचा. आमच्या गावातही शनवार तेल्यांचे, म्हणजे तुमच्या बेने इस्रायल समाजाचे, कबरस्तान आहे आणि त्याचे गवत आमचे घराणे कापते, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

आधी कागदांचे सांगतो. त्या जागेचा सर्व्हे नंबर तलाठ्याकडून काढून सातबारा पाहावा. एखाद्या समाजाकडून दफनासाठी वापरली जाणारी जमीन बहुधा ‘पोटखराबा वर्ग ब’ म्हणून नोंदलेली असते, म्हणजे ती लागवडीस अयोग्य आणि बिनआकारी असते. कधीकधी कबरस्तान कोणा खातेदाराच्या मोठ्या नंबरात असते आणि त्याची नोंद ‘इतर हक्क’ या रकान्यात एका ओळीत सापडते. नव्या सातबाऱ्यावर ती ओळ नसेल तर जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार काढावेत. ओळ केव्हा गळाली ते त्यांतून कळते. अलिबागेत जमिनीला जो भाव आला आहे तो पाहता हे काम चुन्याच्या आणि सुरखीच्या आधी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्याव्यात. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, त्याचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

आता गवताविषयी. आमच्या पणजोबांच्या वेळेपासून बोली अशी होती की कबरस्तानातले गवत आणि आंब्याची फळे आमची, आणि त्या बदल्यात साफसफाई आमच्याकडे. पैशाचा व्यवहार त्यात नव्हता. आमच्या आजोबांना मुंबईच्या एका कुटुंबाकडून काही वर्षे मनिऑर्डर येत असे, ती पुढे थांबली, पण आंबे धरतच राहिले आणि आम्हीही कापत राहिलो. तुमच्या गावी दोन रायवळ आंबे फाटकाशीच आहेत, हे वाचून मला तरी शंका उरली नाही. गवत कोण कापते याची चौकशी करण्याऐवजी आंबे कोण उतरवते याची करा. माणूस एका दिवसात सापडेल.

एक सूचना जिवावरची आहे. जांभ्याच्या गडग्यात फुरसे असते. सुकल्या पाचोळ्यात ते दिसत नाही आणि चिरा उचलताना हाताशी येते. आमचे वडील आधी काठीने गडगा ठोकत जातात आणि मगच कोयता चालवतात. पडलेले चिरे हौसेने स्वतः रचू नका. सफाईसाठी गवत पेटवून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. आमच्याकडे एकदा शेजारच्या माळावरचा वणवा आत शिरला आणि तीन कबरींचे चिरे तडकले.

जाता जाता एक प्रश्न माझाही आहे. कोकणात गवत साधारण दसऱ्यानंतर, दाणा धरून पिवळे पडले की कापतात, कारण आधी कापले तर ते वाळत नाही आणि पुन्हा फुटते. कबरस्तानाचे गवत मात्र आमच्या घरी घट बसले की दोन-चार दिवसांत, दसऱ्याच्या आतच कापायचे, असा दंडक आहे. वडिलांना कारण विचारले तर ते ‘आजोबा कापत’ एवढेच सांगतात. हिरवे गवत कापण्याचा हा तोट्याचा उद्योग कशासाठी, हे कोणी सांगू शकेल का?

भायखळ्याची मावशी

आगरवाडीकर, तुमच्या प्रश्नाने माझ्या डोळ्यांत पाणी आले, म्हणून त्याचे उत्तर आधी देते आणि मग लोदकरांच्या दगडाकडे वळते.

आमचा योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा, उपास तिश्री महिन्याच्या दशमीला असतो; याच महिन्याच्या प्रतिपदेला आमचे नवे वर्ष लागते. जुनी माणसे त्याला दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरातच राहायचे असे. त्याचा दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. या दिवसांत पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, अशी कोकणातल्या आमच्या लोकांची समजूत होती, म्हणून त्या दिवशी दानधर्म करायचा आणि एकमेकांच्या घरी जायचे. नवे वर्ष लागल्यापासून उपासाच्या आत कधीतरी कबरस्तानात जाऊन यायचे, हेही ठरलेले असे. आता पंचांग पाहा. हिब्रू महिनेही चंद्राचे आहेत आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यांतही अधिक महिना धरतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे तिश्रीची प्रतिपदा बहुतेक वर्षी तुमच्या घटस्थापनेच्या आसपास येते आणि आमचा उपास दसऱ्याच्या. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी योम किप्पूर आणि दसरा अगदी एकाच दिवशी होते. तुमच्या पणजोबांना आमचे महिने ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण घट बसले की तेल्यांची माणसे कबरींवर येतात आणि त्याआधी वाट मोकळी हवी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माणसे यायची थांबली तरी तुमच्या घरी कापणीचा दिवस बदलला नाही.

लोदकर, तुमची छायाचित्रे मी मुलाकडून मोठी करून घेतली. हिब्रू ओळीच्या शेवटी तीन अक्षरे आहेत आणि शेवटच्या दोहोंमध्ये वर दोन बारीक रेघा आहेत. अक्षरांनी आकडा लिहिला आहे याची ती खूण. पहिले ताव म्हणजे ४००, दुसरे रेश म्हणजे २००. तिसऱ्यावर मी अडले होते, कारण नून आणि गिमेल ही अक्षरे दिसायला फार सारखी आहेत आणि झिजल्यावर फरक असतो तो खालच्या एका पायाचाच. नून धरले तर ५०, गिमेल धरले तर ३. हजाराचा आकडा लिहिण्याची पद्धत बहुधा नसते, तो ५००० आपण धरायचा. म्हणजे साल एक तर ५६५० किंवा ५६०३. इसवी सन काढण्यासाठी त्यातून ३७६० वजा करायचे आणि वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते म्हणून मागच्या सालाचे शेवटचे महिनेही त्यात धरायचे. नून असेल तर १८८९–९०, गिमेल असेल तर १८४२–४३.

निकाल मराठी ओळीने लावला. तिथे ‘शके’ हा शब्द आणि शेवटचे दोन आकडे ‘११’ स्पष्ट आहेत. शके १८११ मध्ये ७८ मिळवले की १८८९ येते. गिमेलच्या हिशेबाने शके १७६४ किंवा १७६५ हवे होते. तेव्हा ते नूनच आहे. आणखी एक गोष्ट त्यातून निघते. ५६५० हे वर्ष सप्टेंबर १८८९ मध्ये लागले आणि शके १८११ हे मार्च १८९० मध्ये पाडव्याला संपले, म्हणजे त्या बाई या सहा महिन्यांतच कधीतरी वारल्या. आडव्या प्रकाशात महिन्याचे नाव वाचता आले तर तिथीही मिळेल आणि तुम्हाला दर वर्षी त्या तिथीला दिवा लावता येईल.

धर्माच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगते. कबर उकरणे, सरकवणे किंवा दोन कबरींची एक करणे यांपैकी काहीही सोयीसाठी म्हणून करायचे नाही. आणि मृतांसाठी म्हणायच्या कद्दिश या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. गावात आज ते जमणार नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. आमच्या आई कबरीवर सब्जा ठेवून हश्काबा ही मृतात्म्यासाठीची प्रार्थना म्हणवून घेत आणि जारतीचा, म्हणजे स्मरणविधीचा, मलिदा घरी करत. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि वर फळे, यांतले काहीही तुमच्या इस्रायलमधल्या लोद शहरात न मिळण्यासारखे नाही.

वसईकर

आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. आदल्या दोन-तीन दिवसांत घरोघरची माणसे खुरपी घेऊन आपापल्या कबरी साफ करतात आणि त्या संध्याकाळी सगळी दफनभूमी मेणबत्त्या आणि झेंडूच्या फुलांनी भरून जाते. आमची अडचण तुमच्या उलट आहे. माणसे भरपूर आहेत पण जागा अपुरी आहे, त्यामुळे काही वर्षांनी त्याच जागी दुसरे दफन होते आणि कायम टिकतो तो चर्चच्या नोंदवहीतला मजकूर. म्हणून एवढेच सुचवतो की दगडाच्या दुरुस्तीला हात घालण्याआधी कबरस्तानाचा एक साधा नकाशा काढा, रांगा आणि कबरी यांना क्रमांक द्या, प्रत्येक दगडावरचा वाचता आलेला मजकूर त्या क्रमांकापुढे जसाच्या तसा उतरवा आणि वाचता न आलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे ठेवा. त्याची एक प्रत गावात राहू द्या. आजीने तोंडी सांगितलेला ‘तिसरी रांग, उजवीकडून पाचवी’ हा पत्ता तुमच्यापर्यंत पोहोचला. तुमच्या मुलांपर्यंत तो कागदाशिवाय पोहोचेल असे वाटत नाही.

आगरवाडीकर

मावशी, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, की काही वर्षी ती माणसे गणपतीतच येऊन जात आणि तेव्हा आजोबा गवत कापले नाही म्हणून ओशाळत असत. त्याचा अर्थ आम्हाला कधी लागला नव्हता.

भायखळ्याची मावशी

तो अधिक महिन्याचा घोळ. दोन्हीकडचे अधिक महिने एकाच वर्षी येत नाहीत. तुमच्याकडे वर्षाच्या पूर्वार्धात अधिक मास पडला की तुमचे सण पुढे सरकतात आणि आमचा उपास महिनाभर आधी पडतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा योम किप्पूर गणपतीत आला. यंदा, २०२६ मध्येही अधिक ज्येष्ठ आहे आणि उपास २१ सप्टेंबरला, म्हणजे पुन्हा गणपतीतच आहे. आजोबांना ओशाळायचे काही कारण नव्हते, हे वडिलांना सांगा.

लोदकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गवंड्याला सिमेंटचा बेत रद्द झाल्याचे कळवले आहे. तो थोडा नाराज झाला, पण गडग्याचे काम पावसाळ्यानंतर त्यालाच देणार आहे. सातबाऱ्याचा जुना उतारा काढण्यासाठी अलिबागच्या एका वकिलांना पत्र लिहिले आहे. वडिलांना मावशींचा हिशेब वाचून दाखवला, तेव्हा आपल्या आजोबांची आई प्लेगच्या बऱ्याच आधी गेली असे घरात बोलत, एवढे त्यांना आठवले. मुंबईत प्लेग १८९६ साली आला, म्हणजे काळ जुळतो; पण नाव वाचता येईपर्यंत ही कबर त्यांचीच असे मी म्हणणार नाही.

आगरवाडीकरांच्या सांगण्यावरून टपरीवर पुन्हा फोन केला आणि या वेळी आंब्यांची चौकशी केली. दोन मिनिटांत नाव मिळाले आणि संध्याकाळी त्या गृहस्थांशी बोलणेही झाले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि माझ्या आजोबांचा घाणा त्यांनी लहानपणी पाहिलेला आहे. यंदा उपास गणपतीत येतो हे सांगितल्यावर ते म्हणाले, की गौरी गेल्या की एक हात फिरवून ठेवतो, बाकीचे दसऱ्याला नेहमीसारखे. गणपतीच्या गर्दीत मुंबई–गोवा रस्त्यावर अडकायची तयारी ठेवून मी १८ सप्टेंबरला निघतो आहे. सोबत विजेरी, मऊ ब्रश आणि नकाशासाठी आलेखाचा कागद घेतला आहे. सब्जा मात्र अलिबागच्या बाजारातच घ्यावा लागेल. गवत कापणाऱ्या त्या गृहस्थांनी पैशाचा विषय काढला नाही. आंबे दोन वर्षे नीट धरले नाहीत, एवढी तक्रार मात्र त्यांनी केली.